मत्स्यव्यवसाय अनुदान करार

मत्स्यव्यवसाय अनुदान करार हा जागतिक व्यापार संघटनेचा बहुपक्षीय करार आहे. सागरी मत्स्यसाठ्यांची हानी करणाऱ्या मासेमारीस सरकारांकडून मिळणारे अर्थसाहाय्य रोखणे हा त्याचा उद्देश होय. जिनिव्हा येथे भरलेल्या बाराव्या मंत्री परिषदेत १७ जून २०२२ रोजी तो स्वीकारण्यात आला व १५ सप्टेंबर २०२५ रोजी अंमलात आला. पर्यावरणीय शाश्वतता हा मुख्य विषय असलेला हा संघटनेचा पहिला करार आहे. मासेमारीची क्षमता अवाजवी वाढवणारी अनुदाने हा वाटाघाटींतील सर्वांत वादग्रस्त प्रश्न मात्र या करारात अनिर्णित राहिला आहे.

पार्श्वभूमी

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, मूल्यमापन झालेल्या सागरी मत्स्यसाठ्यांपैकी ३७.७ टक्के साठ्यांमधून २०२१ मध्ये शाश्वत पातळीपेक्षा अधिक मासेमारी होत होती. १९७४ मध्ये हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. जगातील सुमारे ३.२ अब्ज लोकांना प्राणिज प्रथिनांपैकी किमान पाचवा हिस्सा जलचरांपासून मिळतो. त्यामुळे मत्स्यसाठ्यांची घट हा अन्नसुरक्षेचाही प्रश्न ठरतो.

साठा रोडावला की तेवढेच मासे पकडण्यासाठी अधिक दूर जावे लागते, इंधनाचा खर्च वाढतो आणि अखेरीस मासेमारी परवडेनाशी होते. इंधन, नौकाबांधणी वा यंत्रसामग्री यांवर अनुदान मिळाल्यास हा नैसर्गिक अटकाव नाहीसा होतो आणि साठा घटत असतानाही नौका समुद्रात जात राहतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २०१८ सालातील जागतिक मत्स्य अनुदाने सुमारे ३५.४ अब्ज डॉलर असल्याचा अंदाज वर्तवण्यात आला. त्यांपैकी सुमारे २२.२ अब्ज डॉलर मासेमारीची क्षमता वाढवणारी होती.

१९८२ च्या संयुक्त राष्ट्र सागरी कायदा करारानुसार किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रातील माशांवर किनारी राष्ट्राचा अधिकार असतो. परंतु कुपा (ट्यूना) यांसारखे मासे अनेक देशांच्या क्षेत्रांतून आणि खुल्या समुद्रातून संचार करतात. एका देशाने संयम पाळला तरी त्याचा लाभ दुसऱ्या देशाच्या अनुदानित नौकांना मिळू शकतो. त्यामुळे अनुदाने एकतर्फी बंद करण्यास कोणताही देश सहसा राजी होत नाही.

वाटाघाटी

मत्स्य अनुदानांवरील वाटाघाटींचा आरंभ २००१ च्या दोहा मंत्री परिषदेत झाला. २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांतील लक्ष्य १४.६ नुसार हानिकारक अनुदानांवर २०२० पर्यंत बंदी घालावयाची होती. ती मुदत पाळली गेली नाही. संघटनेतील निर्णय सर्वसहमतीने होत असल्याने करारासाठी दोन दशके लागली. तो अंमलात येण्यासाठी दोन-तृतीयांश, म्हणजे १११ सदस्यांची स्वीकृती आवश्यक होती. ब्राझील, केनिया, टोंगा आणि व्हिएतनाम यांच्या स्वीकृतीने ही संख्या पूर्ण झाली. स्वीकृती न दिलेल्या सदस्यांवर करार बंधनकारक नाही.

मुख्य तरतुदी

करारानुसार तीन प्रकारच्या अनुदानांवर बंदी आहे:

१. बेकायदेशीर, नोंद न केलेल्या आणि अनियंत्रित मासेमारीत गुंतलेल्या नौकांना वा चालकांना दिले जाणारे अनुदान. अशी मासेमारी झाल्याचा निर्णय किनारी राष्ट्र, नौकेचे ध्वजराष्ट्र किंवा प्रादेशिक मत्स्य व्यवस्थापन संघटना देऊ शकते.

२. अतिमासेमारीने घटलेल्या साठ्यातील मासेमारीस दिले जाणारे अनुदान. साठा पूर्ववत करण्याचे उपाय योजले असल्यास यास अपवाद आहे.

३. किनारी राष्ट्रांच्या अधिकारक्षेत्राबाहेर, जेथे कोणत्याही प्रादेशिक मत्स्य व्यवस्थापन संघटनेचे नियमन नाही अशा खुल्या समुद्रातील मासेमारीस दिले जाणारे अनुदान.

विकसनशील व अल्पविकसित सदस्यांना स्वतःच्या अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीबाबत पहिल्या दोन प्रकारांसाठी दोन वर्षांची सवलत आहे. सर्व सदस्यांनी आपल्या अनुदानांची माहिती, तसेच संबंधित साठ्यांची स्थिती व संवर्धनाचे उपाय कळवणे अपेक्षित आहे. अंमलबजावणीसाठी तांत्रिक साहाय्य पुरवणारा स्वतंत्र निधीही स्थापन करण्यात आला आहे.

भारताची भूमिका

या वाटाघाटींत भारताने छोट्या मच्छीमारांच्या उपजीविकेचा मुद्दा सातत्याने मांडला. दूरच्या समुद्रात मोठे ताफे पाठवणाऱ्या देशांनी साठे घटवले असून त्याचा भार पारंपरिक मच्छीमारांवर पडू नये, असा भारताचा युक्तिवाद होता. भारतात एका मच्छीमार कुटुंबाला वर्षाला जेमतेम १५ डॉलर अनुदान मिळते, तर काही देशांत हा आकडा हजारो डॉलरचा असतो, असे वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनी २०२२ च्या परिषदेत सांगितले. विकसनशील देशांना २५ वर्षांचा संक्रमणकाळ मिळावा, ही भारताची मागणी होती. करार अंमलात आला तेव्हा स्वीकृती दिलेल्या सदस्यांमध्ये भारताचा समावेश नव्हता.

महाराष्ट्रात मच्छीमार सहकारी संस्थांच्या सभासदांच्या यांत्रिक नौकांना डिझेलवरील विक्रीकराचा परतावा दिला जातो. त्याचबरोबर पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. कोळी कुटुंबासाठी डिझेल परतावा हा निर्वाहाचा आधार असतो. औद्योगिक ताफ्याला मिळणारे इंधन अनुदान मात्र साठा संपेपर्यंत मासेमारी चालू ठेवू शकते. अनुदानाच्या एकाच प्रकाराचे हे दोन परिणाम नियमांत वेगळे कसे करावेत, हा वाटाघाटींतील कळीचा प्रश्न आहे.

मर्यादा आणि भवितव्य

क्षमतावाढ व अतिमासेमारीस हातभार लावणाऱ्या अनुदानांवरील नियमांबाबत २०२४ च्या अबू धाबी मंत्री परिषदेत एकमत झाले नाही. करार अंमलात आल्यापासून चार वर्षांत असे सर्वसमावेशक नियम स्वीकारले न गेल्यास, संघटनेच्या सर्वसाधारण परिषदेने अन्यथा ठरवल्याखेरीज, करार संपुष्टात येईल. ही मुदत सप्टेंबर २०२९ मध्ये पूर्ण होते.

मत्स्यसंवर्धन आणि अंतर्देशीय मासेमारी कराराच्या कक्षेबाहेर आहेत. २०२२ मध्ये जलचर प्राण्यांच्या जागतिक उत्पादनात मत्स्यसंवर्धनाचा वाटा प्रथमच पकडीपेक्षा अधिक, म्हणजे सुमारे ५१ टक्के झाला. तथापि संवर्धित माशांच्या खाद्यातील मत्स्यपीठ व मत्स्यतेल बऱ्याच अंशी पेरूच्या किनाऱ्यावरील अँकोव्हेटासारख्या लहान सागरी माशांपासून तयार होते. त्यामुळे मत्स्यसंवर्धन वाढले तरी सागरी साठ्यांवरील अवलंबित्व पूर्णपणे संपत नाही.