बारा पौंडांची रेष

५ एप्रिल २००६ रोजी ब्रिटनमधल्या ‘ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग’ या सरकारी संस्थेने क्रेडिट कार्ड कंपन्यांना उद्देशून एक निवेदन काढले. बिल भरायला उशीर झाला, खर्च मर्यादेबाहेर गेला किंवा दिलेला चेक परत आला, की या कंपन्या ग्राहकाला दंड लावत. तो साधारण २० ते २५ पौंड असे. कायद्याने रास्त ठरेल त्याच्या कितीतरी पुढे हा दंड गेला आहे, असे संस्थेने बजावले. १२ पौंडांपेक्षा जास्त आकार दिसला तर तो अन्याय्य आहे असे धरून चालू आणि कारवाईचा विचार करू, असेही सांगितले. अशा आकारणीपोटी वर्षाला ३० कोटी पौंडांहून अधिक रक्कम बेकायदा वसूल होते, असा तिचा अंदाज होता. उत्तर द्यायला कंपन्यांना ३१ मेपर्यंत मुदत मिळाली. त्या उन्हाळ्यात बहुतेक कंपन्यांनी आपला दर १२ पौंडांवर आणला.

या घटनेला आता सुमारे दोन दशके झाली. त्या निवेदनाने दर खाली आणला हे खरेच. पण त्याचे मोल त्याहून मोठे आहे. सामान्य खातेदाराला एक प्रश्न विचारण्याचे बळ त्यातून मिळाले: माझ्या उशिरामुळे तुमचे नेमके किती नुकसान झाले, त्याचा हिशेब दाखवाल का? पुढच्या सगळ्या घडामोडी या एका प्रश्नाभोवती फिरत राहिल्या. आपल्याकडे तो प्रश्न अजून पुरेशा जोराने विचारला गेलेला नाही, म्हणून हा मागोवा.

कायदा होता, वापरणारे नव्हते

ब्रिटनमध्ये यासंबंधीचे तत्त्व जुनेच होते. १९१५ साली डनलॉप या टायर कंपनीचा एक दावा हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आला. ठरलेल्या किमतीपेक्षा स्वस्तात टायर विकला तर विक्रेत्याने दर टायरमागे ५ पौंड द्यायचे, असा करार होता. लॉर्ड ड्युनेडिन यांनी त्या निकालात जी कसोटी घालून दिली, ती पुढे शंभर वर्षे चालली. करार मोडल्याने होणाऱ्या नुकसानीचा प्रामाणिक अंदाज बांधून रक्कम ठरवली असेल तर ती वसूल करता येते. समोरच्याला धाक बसावा म्हणून अवाच्या सवा रक्कम लिहून ठेवली असेल तर तो दंड, आणि दंड वसूल करून द्यायला न्यायालय बसलेले नाही. त्या दाव्यात डनलॉप जिंकली, कारण ५ पौंड हा अंदाज लॉर्डांना वाजवी वाटला.

त्यात १९९९च्या ग्राहक करारविषयक नियमांची भर पडली. चुकलेल्या ग्राहकाकडून नुकसानीच्या मानाने फार मोठी रक्कम मागणारी अट त्याच्यावर बंधनकारक नाही, अशी त्यांची दिशा होती. थोडक्यात, कार्डधारकाच्या बाजूने कायदा हजर होता. पण २५ पौंडांसाठी वकील कोण गाठणार? वकिलाची फी त्याच्या कितीतरी पट. हा व्यवहार इतकी वर्षे बिनबोभाट चालला तो त्यामुळेच. एकेका माणसाची रक्कम भांडण्याजोगी नव्हती आणि सगळ्यांची मिळून कोट्यवधींची होती.

त्यातली गोम एखादे स्टेटमेंट समोर धरले की कळते. नमुन्यादाखल धरा, कार्डाची मर्यादा १,००० पौंड आणि बाकी ९८५. किमान रक्कम भरायला दोन दिवस उशीर झाला. २५ पौंड लेट फी लागली आणि बाकी १,०१० झाली. म्हणजे मर्यादा ओलांडली गेली, तीही ग्राहकाने काही खरेदी न करता. मग ओव्हरलिमिट म्हणून आणखी २५ आणि पुढच्या महिन्यात या ५० पौंडांवर व्याज. एवढ्यात कंपनीने प्रत्यक्षात काय केलेले असे? संगणकाने छापलेले एक पत्र, त्यावर तिकीट आणि फार तर एखादा फोन. ज्याच्या हातात पगाराच्या आदल्या आठवड्यात पैसे नसतात, तोच या चक्रात पुन्हा पुन्हा सापडायचा.

पत्रांचे दिवस

संस्थेने रेष आखली, पण आधीच कापलेले पैसे परत करायला लावले नाहीत. तो मार्ग ज्याचा त्याने शोधायचा होता. लोकांनी तो शोधला, आणि या इतिहासातला सगळ्यात उमेद देणारा भाग हाच आहे.

रीत सोपी होती. पहिले पाऊल जुनी स्टेटमेंटे मिळवण्याचे. ती कुणी जपून ठेवलेली नसत. पण १९९८च्या माहिती संरक्षण कायद्याने आपल्याविषयीची नोंद मागण्याचा हक्क दिला होता. जास्तीत जास्त १० पौंड शुल्क आणि उत्तरासाठी ४० दिवस. कागद आले की लेट फी आणि ओव्हरलिमिटच्या ओळींवर खुणा करायच्या. इंग्लंडमध्ये सहा वर्षांपर्यंत मागे जाता येई, स्कॉटलंडमध्ये पाच. तारीख, कारण, रक्कम असा तक्ता करायचा, बेरीज मारायची आणि कंपनीला पत्र धाडायचे: ही आकारणी दंड स्वरूपाची आहे, ती परत करा, नसेल तर तुमचा प्रत्यक्ष खर्च किती झाला ते दाखवा. उत्तराला ठरावीक मुदत द्यायची, मग दुसरे पत्र. तरीही दाद लागली नाही तर लहान दाव्यांच्या न्यायालयात अर्ज. इंग्लंडमध्ये तिथली मर्यादा त्या वेळी ५,००० पौंड होती, वकिलाची गरज नव्हती, अर्ज घरबसल्या भरता येई आणि मागितलेल्या रकमेवर वर्षाला ८ टक्के व्याजही मागता येई.

कंपन्यांची उत्तरे बहुधा तीन तऱ्हांची असत. काही सरळ नकार देत. काही ‘सदिच्छा’ म्हणून जुना आकार आणि १२ पौंड यांच्यातला फरक देऊ करत. आणि दावा दाखल झाला की बरेचदा सुनावणीआधी पूर्ण रक्कम चुकती करून प्रकरण मिटवले जाई. फरक घेऊन थांबायचे की पूर्ण रकमेचा आग्रह धरायचा, यावर खातेदारांत मतभेद होते. आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे बिनतोड होते. १२ पौंड रास्त आहेत असे संस्थेने कुठेच म्हटले नव्हते. त्याखालच्या आकारणीकडे आम्ही तूर्त लक्ष देणार नाही, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि अखेरचा शब्द न्यायालयाचाच होता.

मग कंपन्या न्यायालयात उभ्या का राहत नव्हत्या? उभे राहायचे तर खर्चाचा तपशील पटलावर ठेवावा लागला असता. एका पत्राचा खर्च किती, कर्मचाऱ्याची किती मिनिटे गेली, हे एकदा नोंदीवर आले असते तर प्रत्येक खातेदाराच्या हाती आयता पुरावा पडला असता. हिशेब दाखवण्यापेक्षा पैसे परत करणे त्यांना स्वस्त पडत होते, असाच याचा अर्थ मी लावतो. ग्राहकाच्या साध्या पत्रात ताकद आली ती इथून.

पण या विजयातले वैगुण्य झाकून चालणार नाही. परतावा मिळाला तो ज्यांनी मागितला त्यांना. ज्यांच्याकडे वेळ होता, पत्र लिहिण्याचा सराव होता, सरकारी भाषेची भीती नव्हती, त्यांना. सर्वात जास्त दंड भरलेली माणसे कर्जाने गांजलेली होती. आलेले लिफाफे उघडायचीही त्यांना धास्ती वाटे. त्यांचे पैसे कंपन्यांकडेच राहिले.

न्यायालयांनी घेतलेले वळण

कार्डांवरून ही लाट बँकांच्या चालू खात्यांवर गेली. तिथे परवानगीशिवाय ओव्हरड्राफ्ट झाला की असाच मोठा आकार बसे. दाव्यांचा ढीग वाढला तेव्हा जुलै २००७ मध्ये संस्था आणि बँका यांनी मिळून एक कसोटी खटला उभा केला आणि बाकीच्या तक्रारी थांबवून ठेवल्या गेल्या. उच्च न्यायालय आणि अपील न्यायालय या दोन्ही पायऱ्यांवर बँका हरल्या. २५ नोव्हेंबर २००९ रोजी मात्र त्याच वर्षी स्थापन झालेल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. हे आकार म्हणजे खाते चालवण्याच्या सेवेच्या किमतीचाच भाग आहेत, आणि किमतीचा रास्तपणा १९९९च्या नियमांखाली तपासता येत नाही, असे तर्कशास्त्र होते. लाखो खातेदारांची आशा एका सकाळी मावळली. कार्डांवरची लेट फी या निकालात आली नाही, कारण ती सरळसरळ करार मोडल्याबद्दलची आकारणी होती. नाव ‘दंड’ असो वा ‘सेवाशुल्क’, खातेदाराच्या खिशातून जाणारी रक्कम तीच. तरी कराराची वाक्यरचना बदलली की हक्क बदलतो, हे त्या दिवशी सगळ्यांना कळले.

नोव्हेंबर २०१५ मध्ये तर डनलॉपची शंभर वर्षांची कसोटीच बदलली. एका वाहनतळावरच्या ८५ पौंडांच्या दंडासह दोन प्रकरणे सर्वोच्च न्यायालयाने एकत्र निकाली काढली. दंड नुकसानीइतकाच असावा असे नाही. आकारणाऱ्याचे काही रास्त हित त्यामागे असेल आणि रक्कम त्या हिताच्या मानाने अवास्तव नसेल तर ती चालेल, असे ठरले. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयात कार्डाच्या लेट फीचाच प्रश्न होता. खालच्या न्यायालयात ग्राहक जिंकला होता. शेवटी बँक जिंकली. ग्राहकाच्या हातातली कसोटी अशी बोथट होत गेली. ब्रिटनमध्ये १२ पौंडांचा आकडा टिकला. पण कमाल म्हणून आखलेली रेष जवळजवळ सगळ्यांचा ठरलेला दर बनून बसली.

आपल्याकडे

आपल्या हातातला कायदा याहून कमकुवत नाही. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या ७४व्या कलमानुसार करारात कितीही रक्कम लिहिलेली असो, न्यायालय तेवढ्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते. १९६३ साली फतेहचंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे ठळकपणे सांगितले. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर, करारभंगाबद्दल नुकसानीच्या मानाने पूर्णपणे अवाजवी दंड लादणारा करार ‘अन्याय्य करार’ ठरवला आहे.

हिशेब तपासण्याची कल्पना महाराष्ट्राला तर मुळीच परकी नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हस्तगत करून जाळायला सुरुवात केली. त्यातून १८७९चा दख्खन शेतकरी कायदा आला. खतावर अंगठा आहे एवढ्यावर न थांबता मूळ व्यवहार काय, दिले किती, फेडले किती, हे न्यायालयाने खोदून पाहावे, अशी त्यात तरतूद होती. सही झाली म्हणजे विषय संपला, हे आपल्या भागात दीडशे वर्षांपूर्वीच नाकारले गेले आहे.

कार्डांच्या बाबतीत मात्र आपली वाट अडखळत गेली. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ‘आवाज’ या संस्थेच्या तक्रारीवर निकाल देताना, थकलेल्या कार्डबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. पुढच्या वर्षी त्याला स्थगिती मिळाली आणि तब्बल पंधरा वर्षांनी, २० डिसेंबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. कराराच्या अटी बदलणे आयोगाच्या अधिकारात नाही आणि दरांचा विषय रिझर्व्ह बँकेचा आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

रिझर्व्ह बँकेने काही चांगली पावले टाकली आहेत. मुदतीनंतर तीन दिवसांहून अधिक थकल्याशिवाय लेट फी लावता येत नाही, हा नियम २०१५ पासून आहे. एप्रिल २०२२च्या निर्देशांनी लेट फी एकूण बिलावर न लावता मुदतीनंतर उरलेल्या बाकीवरच लावायची असे ठरवले. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय मर्यादेबाहेर व्यवहार होऊ द्यायचा नाही आणि न भरलेल्या शुल्कावर व्याज चढवायचे नाही, या अटी ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाल्या. वर दाखवलेल्या स्टेटमेंटातले दुष्टचक्र कागदावर तरी इथे तुटते.

पण रकमेला धरबंध नाही. आपल्या बँकांचे लेट फीचे तक्ते बाकीच्या टप्प्यांनुसार चढत जातात आणि वरच्या टप्प्यात हजार-तेराशे रुपयांपर्यंत पोचतात. त्यावर १८ टक्के जीएसटी. दहा हजारांची बाकी असो वा साठ हजारांची, बँकेचा एसएमएस तेवढ्याच खर्चात जातो. थकलेल्या दिवसांचे व्याज तर वेगळे लागतेच. मग वाढीव लेट फी कशाची भरपाई, हे कुठल्याही तक्त्यात लिहिलेले नसते.

म्हणून आपले स्टेटमेंट नीट वाचा. तीन दिवसांच्या आतली लेट फी, एकूण बिलावर काढलेली फी, संमतीशिवाय बसलेला ओव्हरलिमिट आकार, फीवर चढलेले व्याज दिसले की बँकेला लेखी कळवा आणि परतावा मागा. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करायला पैसा लागत नाही. त्या तक्रारीत प्रत्यक्ष खर्चाचा तपशील मागणारी एक ओळ जरूर घाला. एकट्याच्या पत्राने तक्ता बदलणार नाही. पण हजारोंच्या पत्रांनी ब्रिटनमध्ये कापलेले पैसे परत मिळवले.

आणि ब्रिटनने अर्धवट सोडलेले काम आपण पूर्ण मागावे. दंड लावणाऱ्या बँकेने त्यामागचा खर्च नियामकाला दाखवावा, नियामकाने तो जाहीर करावा. आणि एखादी आकारणी गैर ठरली की ती कापून घेतलेल्या प्रत्येक खात्यात, कुणी अर्ज केला असो वा नसो, बँकेने आपणहून जमा करावी. कापून घेताना बँकेला कुणाच्या अर्जाची गरज पडली नव्हती. परत करतानाही पडू नये.