मंद उजेडाची तजवीज

कोल्हापूर शहराच्या उत्तरेस पंचगंगेच्या काठी वसलेल्या कसबा बावड्यात ज्या तरुणास छायाचित्रणाचा नाद लागतो, त्याच्या वाट्यास येणारे बहुतेक प्रसंग दिवेलागणीनंतरचे असतात; लग्नाच्या आदल्या रात्रीचा हळदीचा मांडव, नवरात्रातला जागर, तालमीतला संध्याकाळचा सराव, आणि गळिताचा हंगाम सुरू झाला की राजाराम सहकारी साखर कारखान्याकडे रात्रीअपरात्री चाललेल्या उसाच्या ट्रॉल्या. ज्या करवीर नगरीत बाबूराव पेंटरांनी चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः घडविला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, तेथील आजच्या हौशी माणसास काही घडवावे लागत नाही, केवळ निवडावे लागते. परंतु बाजारातील लेन्सांची गर्दी आणि त्यांच्या किमती पाहता ही निवडही काही कमी जिकिरीची नाही.

पूर्ण आकाराच्या (फुल-फ्रेम) संवेदकाच्या मिररलेस कॅमेऱ्याबरोबर जी किट लेन्स मिळते ती अनेकदा २८ ते ७० मिलिमीटरच्या पल्ल्याची असते, आणि तिचे छिद्र रुंद टोकास एफ ३.५ असले तरी लांब टोकास पोहोचेपर्यंत एफ ५.६ इतके आक्रसते. एफपुढचा हा आकडा म्हणजे नाभीय अंतरास छिद्राच्या व्यासाने भागून आलेला भागाकार असल्यामुळे तो जितका लहान तितके छिद्र मोठे: ७० मिलिमीटरवर एफ ५.६ म्हणजे साडेबारा मिलिमीटरचा व्यास आणि एफ २.८ म्हणजे पंचवीस मिलिमीटरचा. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होते, आणि प्रकाशही चौपट आत येतो. व्यवहारात याचा अर्थ असा की, ज्या मांडवात किट लेन्सला आयएसओ (संवेदकाची प्रकाशसंवेदनशीलता) ६४०० लावावा लागतो व नवरीच्या शालूवर रवाळपणा उमटतो, तेथे संपूर्ण पल्ल्यात एफ २.८ राखणाऱ्या फास्ट झूम लेन्सचे काम त्याच शटरवेगाने १६०० वर भागते. दिवसाउजेडी रंकाळा तलावावर चित्रे घेऊन समाधान पावणाऱ्यास मात्र या खर्चाची मुळीच आवश्यकता नाही, हे दुकानदार सांगणार नाही म्हणून येथे सांगून ठेवतो.

आता किमतीचा मामला. सोनीने २०२२ साली काढलेली २४-७० एफ २.८ जीएम मालिकेतील दुसरी आवृत्ती अमेरिकेत सुमारे २,३०० डॉलरांस जाहीर झाली. तर टॅमरॉनने २०१८ साली सोनीच्या कॅमेऱ्यांसाठी आणलेली २८-७५ एफ २.८ ही लेन्स ८०० डॉलरांच्या आत होती, आणि तिची २०२१ची सुधारित आवृत्ती ९०० डॉलरांच्या. सिग्माची २८-७० त्याच वर्षीची, त्याच किमतीच्या आसपासची, आणि अवघ्या ४७० ग्रॅम वजनाची. टॅमरॉनची सुधारित आवृत्ती ५४० ग्रॅमची. दिवसभर लग्नात उभे राहून ज्याने मनगट दुखवून घेतले आहे, त्याला सिग्माच्याच २४-७०च्या पहिल्या आवृत्तीचे ८३० ग्रॅम आठवले तरी या हलकेपणाची किंमत कळेल. पुढे निकॉनने आणि २०२४ मध्ये कॅनननेही याच धर्तीची लेन्स काढली. कॅननच्या लेन्समध्ये कंपनरोधाचीही सोय आहे. टॅमरॉन व सिग्माच्या वरील लेन्सांत ती नाही, तथापि कॅमेऱ्याच्या अंगात कंपनरोध असल्यास ही उणीव फारशी बाधत नाही. आणि शड्डू ठोकणाऱ्या पैलवानाची हालचाल कोणताही कंपनरोध थांबवू शकत नाही, तेथे शटरच जलद हवे.

मग स्वस्ताईत गमावतो ते काय? मुख्यत्वेकरून चार मिलिमीटर. २४ मिलिमीटरवर कर्णाच्या दिशेने ८४ अंशांचे दृश्य सामावते, २८ वर ७५ अंशांचे. कागदावर क्षुल्लक वाटणारा हा फरक बावड्यातील एखाद्या जुन्या घराच्या सोप्यात, पाठीला भिंत टेकल्यावर आणि समोर हळद लावणाऱ्या बारा-पंधरा बायका असल्यावर, विलक्षण जाणवतो. ज्याची मिळकतच अशा चित्रांवर आहे त्याने ही तडजोड विचार करून स्वीकारावी. हौशी माणसाने चार पावले मागे, अंगणात, सरकावे. शिवाय एवढे मोठे छिद्र मिळाले म्हणून ते सदैव उघडेच ठेवण्याचा मोह अनेकांना होतो आणि कुटुंबाच्या चित्रात पुढची रांग स्पष्ट, मागे उभे असलेले आजोबा धूसर, असा प्रकार घडतो. समूहासाठी एफ ५.६ हेच बरे.

कॅमेऱ्याचा संवेदक लहान, म्हणजे एपीएस-सी आकाराचा असेल, तर सिग्माची १८-५० एफ २.८ निःशंकपणे घ्यावी. वजन सुमारे २९० ग्रॅम.

जुनी लेन्स घेण्यास हरकत नाही, परंतु या भागातला पावसाळा काचेचा वैरी आहे. चामडी पिशवीत घालून कपाटात ठेवलेल्या लेन्समध्ये दमट हवेने बुरशीचे धागे पसरतात. म्हणून मागून विजेरीचा झोत टाकून आतील भिंगे न्याहाळावीत, आणि आपलाच कॅमेरा लावून विटांच्या भिंतीचे चित्र पूर्ण उघड्या छिद्राने, दोन्ही टोकांस घेऊन चारही कोपरे सारखे रेखीव आहेत की नाहीत याची रुजुवात करावी. घरी आणल्यावर सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा पुरे.

सोनीच्या पूर्ण आकाराच्या संवेदकाचा कॅमेरा बाळगणाऱ्यास माझी शिफारस टॅमरॉनच्या दुसऱ्या आवृत्तीची. ऐपत तितकी नसेल तर निर्दोष अवस्थेतील पहिलीची. मात्र पावतीवर लेन्सचा अनुक्रमांक लिहून घेतल्यावाचून दुकानाची पायरी उतरू नये.