खातं दोन ठिकाणी, मालक एकच

क्लाउडच्या ॲडमिन सेंटरमध्ये एखाद्याचा हुद्दा बदलायला जावं तर रकाना राखाडी. हेल्पडेस्कवरचा नवा मुलगा लगेच म्हणतो, ‘सर, मला परमिशन नाहीये.’ परमिशन असते. ग्लोबल ॲडमिनलाही तो रकाना बदलता येत नाही, कारण ते खातं मुळात कंपनीच्या सर्व्हरवरच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत जन्मलेलं असतं आणि क्लाउडवरच्या एन्ट्रा आयडीत (2023 पर्यंतचं ॲझ्युर एडी) त्याची फक्त प्रत असते. सातबाऱ्यावरचं नाव चुकलं तर झेरॉक्सवर खाडाखोड करून भागत नाही, तलाठ्याकडेच जावं लागतं, तसंच हे. नाव, विभाग, वरिष्ठ, फोन, हे सगळं ऑन-प्रेममध्ये, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर, बदलायचं आणि सिंक होऊ द्यायचं. लायसन्स मात्र क्लाउडवरच द्यायचं.

‘पण पासवर्ड तर क्लाउडवर बदलला की खाली सर्व्हरवर येतो, मग फोन नंबर का नाही?’ प्रश्न रास्त आहे. पासवर्डासाठी राइटबॅक नावाची वेगळी सोय आहे. ती चालू करावी लागते आणि तिला प्रीमियम लायसन्स लागतं. फोन नंबरासाठी तशी सोय नाही.

वेळेचाही असाच घोळ होतो. पासवर्डाचा हॅश दर 2 मिनिटांनी वर जातो, म्हणून बाकीचंही तेवढ्यात जात असेल असं वाटतं. बाकीच्या बदलांची फेरी डीफॉल्टने 30 मिनिटांची आहे. घाई असेल तर डेल्टा सिंक हाताने चालवावा; त्यासाठी फुल सिंक लावणं म्हणजे उगाच सर्व्हर दमवणं. आणि वर सगळं बरोबर दिसत असूनही आउटलुकमध्ये जुनंच नाव येत असेल, तर बहुधा ऑफलाइन ॲड्रेस बुक अजून ताजं झालेलं नाही. ते साधारण दिवसातून एकदाच उतरतं.

आता सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. कंत्राटावरच्या माणसाच्या खात्यावर ‘31 मार्चला मुदत संपेल’ अशी नोंद केली, एचआरला ‘डन’ असं कळवलं आणि तिकीट बंद केलं. 1 एप्रिलला त्याला ऑफिसच्या मशीनवर लॉगिन करता येत नाही, सगळे निश्चिंत. पण खात्याच्या मुदतीचं हे ॲट्रिब्यूट, अकाउंट एक्स्पायर्स, एन्ट्रा आयडीकडे सिंकच होत नाही. कंपनी पासवर्ड हॅश सिंक वापरत असेल, तर त्या माणसाचा मेल, टीम्स आणि फायली त्याच्या मोबाइलवर पूर्वीसारख्याच चालू राहतात. पास-थ्रू पद्धतीत लॉगिनची पडताळणी डोमेन कंट्रोलरवर होते, त्यामुळे तिथे मुदत पाळली जाते. हॅश सिंकमध्ये नाही. उपाय सोपा आहे. खातं ‘डिसेबल’ केल्याची नोंद सिंक होते, म्हणून मुदत संपलेली खाती रोज डिसेबल करणारी एक स्क्रिप्ट शेड्युल करून ठेवावी. शिवाय क्लाउडवर त्या माणसाची चालू सेशन्सही रद्द करावीत. माझ्या मते ऑडिटरने पहिला प्रश्न हाच विचारावा.

दुसरी नेहमीची भानगड लग्नानंतर आडनाव बदलण्याची. जनरल टॅबवरचा ई-मेलचा रकाना बदलला की पत्ता बदलला, असं समजतात. मेल कुठल्या पत्त्यावर येणार आणि कुठल्या पत्त्यावरून जाणार, हे प्रॉक्सी ॲड्रेसेस या ॲट्रिब्यूटमध्ये ठरतं. तिथे एकाच पत्त्याआधी एसएमटीपी कॅपिटल अक्षरांत असतं, तो मुख्य पत्ता. बाकीच्यांच्या आधी स्मॉल अक्षरांत. तेव्हा देशपांडे बाईंचा नवा पत्ता कॅपिटलने टाकायचा आणि कुलकर्णी हा जुना पत्ता न पुसता स्मॉल करून ठेवायचा, म्हणजे जुन्या पत्त्यावर पाठवलेला मेल परत जात नाही. लॉगिनचं नाव हे तिसरंच ॲट्रिब्यूट. ते बदललं की वनड्राइव्हचा पत्ताही बदलतो, हे बाईंना आधी सांगावं.

‘सगळे मेलबॉक्स क्लाउडवर गेले, आता जुना एक्स्चेंज सर्व्हर काढून टाका,’ असा हुकूमही वरून सुटतो. मेलबॉक्स गेले तरी मेलची ही ॲट्रिब्यूट्स सहसा ऑन-प्रेममध्येच सांभाळली जात असतात. एप्रिल 2022 मधल्या एक्स्चेंज 2019 च्या सीयू 12 पासून तो शेवटचा सर्व्हर बंद करून नुसत्या मॅनेजमेंट टूल्सवर काम भागवता येतं. मात्र अनइन्स्टॉल करायचा नाही. बंद करणं आणि अनइन्स्टॉल करणं यांत इथे जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शेवटचा गैरसमज आवराआवरीचा. खातं एका ओयूतून (ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या कप्प्यातून) दुसऱ्यात हलवणं निरुपद्रवी वाटतं. नवी ओयू सिंकच्या कक्षेबाहेर असेल, तर पुढच्या फेरीत क्लाउडवरचं खातं डिलीट होतं. 30 दिवसांच्या आत ते परत आणता येतं, पण लक्षात यायला हवं. चुकून घाऊक डिलीट होऊ नये म्हणून सिंक टूलमध्ये अडसर असतो. त्याचा डीफॉल्ट आकडा 500 आहे. तुमच्या कंपनीत माणसंच 300 असतील तर हा अडसर कधीच आडवा येणार नाही. तो आकडा आजच खाली आणा.