शेडमधलं खत, रानातली टर्की

अमेरिकेत वर्षाला नऊशे कोटींहून अधिक ब्रॉयलर कोंबड्या वाढवल्या जातात. मांस जगभर जातं, मागे उरते ती गादी. लाकडाचा भुसा, शेंगांची टरफलं किंवा भाताचं तूस अंथरून त्यावर पक्षी वाढवायची ही पद्धत आपल्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांना नव्याने सांगायला नको. विष्ठा, पिसं, सांडलेलं खाद्य आणि भुसा मिळून एका पक्ष्यामागे किलोभराहून जास्त माल जमतो. साऱ्या देशाचा हिशेब केला तर तो कोटी टनांच्या पुढे जातो. वजनाच्या मानाने त्याला किंमत कमी, त्यामुळे लांब वाहून नेणं परवडत नाही आणि तो शेडच्या आसपासच्याच शेतांत व कुरणांत पडतो. टनाला साधारण ३० किलो नत्र आणि जवळपास तितकंच स्फुरद देणारं खत कोण नाकारील? उत्तर जॉर्जिया, अलाबामातलं सँड माउंटन, वायव्य आर्कान्सा इथली एके काळची लाल, धुपलेली रानं या खताने हिरवी झाली.

याच भागांत रानटर्की राहते. रात्री झाडावर बसायचं, उजाडलं की खाली उतरून कुरणाच्या कडेने चरायचं, हा तिचा दिनक्रम. नुकतं विस्कटलेलं कोंबडखत तिला आवडतं. त्यात दाणे असतात, किडे असतात आणि उकरायला भुसभुशीत थर असतो. तिथल्या शिकाऱ्यांनाही हे दृश्य ओळखीचं आहे. त्यांच्यातल्या अनेकांची तक्रार अशी की खत पडायला लागलं आणि टर्की कमी झाली. ही तक्रार कितपत खरी, हे तपासायचं तर सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

१८९०च्या दशकात ऱ्होड आयलंडमधले टर्कीपालक हवालदिल झाले होते. पाळीव टर्कीचे कळपच्या कळप मलूल होत, पिवळसर हगवण लागे आणि काही दिवसांत पक्षी मरत. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ थिओबाल्ड स्मिथ यांनी मेलेले पक्षी फाडून पाहिले, तेव्हा यकृतावर नेमबाजीच्या लक्ष्यासारखे गोल डाग आणि आंधळ्या आतड्यात सडका लगदा आढळला. या रोगामागे एक एकपेशीय परजीवी आहे, असं त्यांनी १८९५मध्ये मांडलं. पुढे अर्नेस्ट टायझर यांनी त्याला हिस्टोमोनास हे नाव दिलं. इंग्रजीत या रोगाला ब्लॅकहेड म्हणतात.

हा परजीवी अगदीच नाजूक आहे. उघड्यावर पडला तर काही तासांत मरतो. मग एका शेतातून दुसऱ्या शेतात, एका वर्षातून दुसऱ्या वर्षात तो पोचतो कसा? १९२०मध्ये ग्रेबिल आणि स्मिथ यांनी याचं उत्तर शोधलं. कोंबडीच्या आंधळ्या आतड्यात सेंटिमीटरभर लांबीचा एक पांढरा जंत असतो, हेटराकिस. परजीवी या जंताच्या अंड्यात शिरून बसतो. अंड्याचं कवच इतकं चिवट असतं की मातीत ते वर्षानुवर्षं टिकतं. गांडुळाने माती खाल्ली की अंडी त्याच्या पोटात जातात, फुटतात आणि अळ्या तिथेच मुक्काम ठोकतात. ते गांडूळ पक्ष्याने टिपलं की सगळी वरात त्याच्या आतड्यात. परजीवी जंतात, जंत गांडुळात आणि गांडूळ पक्ष्यात, अशी ही व्यवस्था. निसर्गाच्या काटकसरीचं कौतुक करावं की धसका घ्यावा, कळत नाही.

कोंबडीला या दुखण्याचं फारसं काही वाटत नाही. तिचं मूळ कूळ दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या तांबड्या रानकोंबड्याचं. जंत आणि परजीवी यांच्याशी तिचं फार जुनं साटंलोटं असावं आणि तिच्याबरोबरच ही जोडी समुद्रापार गेली असावी, असा कयास आहे. टर्की अस्सल अमेरिकन. तिच्या शरीराची अशी तयारी नव्हती. लागण झालेल्या टर्कीच्या कळपातले शंभरातले ऐंशी-नव्वद पक्षीही मरू शकतात. म्हणूनच ज्या जमिनीवर कोंबड्या होत्या तिथे टर्की पाळू नये, हा नियम अमेरिकी शेतकऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. यावर वापरलं जाणारं नायटारसोन हे शेवटचं मान्यताप्राप्त औषध आर्सेनिकयुक्त होतं आणि २०१५च्या अखेरीस तेही बंद झालं. पाळीव टर्कीलाच आज तिथे मान्यताप्राप्त औषध नाही, तर रानातल्या टर्कीचं काय सांगावं!

एवढं वाचून कोंबडखतावर आरोपपत्र दाखल करायला हात शिवशिवतात. पण एक हिशेब आधी करायला हवा. जंताचं अंडं कोंबडीच्या पोटात गेल्यापासून नवी अंडी विष्ठेतून पडायला साधारण महिना लागतो. ब्रॉयलर जगतो सहा-सात आठवडे. म्हणजे जंताला संसार मांडायला पुरती सवडच मिळत नाही आणि ब्रॉयलरच्या गादीत अंड्यांचा धोका बेताचा राहतो. ब्रॉयलरची पिल्लं ज्यांच्या अंड्यांतून येतात त्या ब्रीडर कोंबड्यांचं मात्र तसं नाही. त्या साठ-पासष्ट आठवडे त्याच गादीवर वावरतात आणि जंत पिढ्यांमागून पिढ्या काढतो. परसातल्या मोकळ्या कोंबड्यांची स्थितीही तशीच. रानटर्कीला हा रोग व्यापारी कोंबड्यांकडून येतो की घरगुती, यावर वॉटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला, तो या प्रश्नाचं गांभीर्य ओळखूनच. सरसकट 'कोंबडखत' म्हणण्याने इथे काही हाती लागत नाही. खत कुठल्या शेडमधलं, किती जुनं आणि तापलेलं की कच्चं, हे विचारलं तरच चर्चा पुढे सरकते.

आता टर्कीची बाजू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जंगलतोड आणि बेसुमार शिकार यांमुळे ती अनेक राज्यांतून नाहीशी झाली होती. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून पाहिले, ते रानात तगले नाहीत. १९५०च्या दशकात तोफेने उडवायचं जाळं वापरात आलं, रानातलेच पक्षी पकडून दुसऱ्या रानात सोडता येऊ लागले आणि शतक सरेतो संख्या पन्नास लाखांच्या वर गेली. वन्यजीव संवर्धनात इतकं घवघवीत यश क्वचित मिळतं. पण आग्नेय राज्यांत १९८०नंतर दर मादीमागे जगणाऱ्या पिल्लांची संख्या घटत गेली. २०२२मध्ये जॉर्जियाने शिकारीचा हंगाम उशिरा सुरू केला आणि माणशी तीन नरांची मुभा दोनवर आणली.

या घसरणीचा दोष खतावर टाकता येईल का? आजच्या पुराव्यावर नाही. अधिवासाचा ऱ्हास, घरट्यांवर डल्ला मारणारे रॅकून आणि कोल्हे, वाढलेल्या संख्येचा स्वतःवरच पडणारा ताण, हंगामाची वेळ, असे अनेक धागे त्यात आहेत. आग्नेय राज्यांत मेलेल्या रानटर्कींच्या शवविच्छेदनांत ब्लॅकहेड वारंवार सापडतो. पण देवी आणि जखमाही सापडतात. २००९मध्ये तर अमेरिकेतल्या रानटर्कीत एक नवाच विषाणू, एलपीडीव्ही, आढळला आणि पुढे तो पूर्वेकडच्या राज्यांत भरपूर पसरलेला दिसला. त्याचा खताशी संबंध सिद्ध झालेला नाही. त्यात अडचण अशी की आजारी पक्षी माणसाच्या आधी कोयोटच्या हाती लागतो आणि नोंद होते 'शिकारी प्राण्याने मारलं' अशी. रोगाचे बळी दुसऱ्याच रकान्यात जमा होतात.

मला स्वतःला खताचा दुसरा एक परिणाम जास्त भरवशाचा वाटतो आणि त्याची चर्चा मात्र कमी होते. भरपूर नत्र मिळालं की टॉल फेस्क्यूसारखं गवत चटईसारखं दाट होतं. १९४३मध्ये बाजारात आलेलं केंटकी ३१ हे या गवताचं वाण आग्नेय अमेरिकेभर पसरलेलं आहे. टर्कीच्या पिल्लांना पहिले काही आठवडे किडेच लागतात आणि ते टिपायला खालून मोकळी, वरून आडोसा देणारी जमीन लागते. दाट फेस्क्यूत पिल्लू चालूच शकत नाही, दवात भिजून गारठतं. शिवाय खतावर तरारलेलं गवत लवकर कापणीला येतं, म्हणजे नेमकं मे-जूनमध्ये, मादी अठ्ठावीस दिवसांची उबवण करत बसलेली असते तेव्हा. यंत्राला घरटं दिसत नाही. यात कुठलाही जंतू नाही, त्यामुळे प्रयोगशाळेत हे कधी सापडणारही नाही.

कायद्याला हे सगळं दिसत नाही. ओक्लाहोमा राज्याने २००५मध्ये टायसनसह कोंबडी कंपन्यांवर खटला भरला, तो इलिनॉय नदीच्या पाण्यासाठी. २०२३च्या जानेवारीत न्यायालयाने कंपन्यांना जबाबदार धरलं. मेरीलँडने २०१५मध्ये नियम कडक केले, तेही स्फुरद चेसापीक उपसागरात जाऊ नये म्हणून. पाण्याची काळजी रास्तच आहे. पण हेच खत रानाच्या कडेला किती कच्चं पडतं, हे विचारणारी चौकट या खटल्यांत आणि नियमांत नाही.

उपाय मात्र महागडा नाही. ओलावा राखून ढीग नीट लावला की तो आतून ५५-६० अंशांपर्यंत तापतो आणि तो उलटून बाहेरचा थर आत घेतला की बहुतेक रोगजंतू व जंतांची अंडी मरतात. काही आठवड्यांचा धीर आणि वर टाकायला ताडपत्री एवढाच खर्च. ब्रीडर शेडच्या खताला तरी हे सक्तीचं व्हावं आणि जंगलाला लागून असलेल्या कुरणावर ते कच्चं पडू नये, ही मागणी मला वाजवी वाटते. गुन्हा शाबीत होण्याची वाट पाहावी इतकी ती जड नाही.

आपल्याकडे रानटर्की नाही, पण तिच्याच गणातला मोर आहे आणि ब्लॅकहेड मोरालाही होतो. द्राक्षबागांत, भाजीपाल्यात, उसात ट्रकने कोंबडखत पडतं आणि त्याच रानांत लांडोरी पिल्लं घेऊन फिरतात. सह्याद्रीच्या कडेला करडा रानकोंबडाही असतो. तेव्हा हे वाचणाऱ्या शेतकरी बंधुभगिनींना एवढीच विनंती: खत विकत घेताना ते ब्रॉयलरचं की ब्रीडरचं, हे पुरवठादाराला विचारा आणि ढिगात हात घालवणार नाही इतकं ते तापून गेल्यावरच रानात विस्कटा.