काळ्या पट्ट्यावरचा थेंब
कार्बनची नवी रूपं : लेखांक ९

आई रोज सकाळी चहाच्या आधी शुगर तपासते. बोटाला सुई टोचायची, थेंब वर येईपर्यंत बोट दाबून धरायचं आणि ग्लुकोमीटरमध्ये खोचलेल्या स्ट्रिपचं टोक त्या थेंबाला लावायचं. काही सेकंदांत आकडा येतो. परवा तिच्या डबीतली मुदत संपलेली एक स्ट्रिप मी भिंगाखाली धरली आणि वरचं पातळ प्लास्टिक नखाने सोललं. आत शितापेक्षा अरुंद अशी एक वाट होती आणि तिच्या तळाशी शेजारी शेजारी छापलेले काळे पट्टे. काही कंपन्या तिथे सोनं किंवा पॅलेडियम वापरतात. आईच्या स्ट्रिपमध्ये मात्र कार्बनची शाई आहे; तिच्यातला मुख्य ऐवज म्हणजे शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइट.

‘‘एवढ्याशा थेंबात कळतं तरी कसं रे?’’ आईने विचारलं. आजचा लेखांक त्या प्रश्नासाठी.

त्या पट्ट्यावर एक एन्झाइम वाळवून ठेवलेलं असतं. ते रक्तातल्या ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन काढून घेतं. जितकी साखर जास्त तितके इलेक्ट्रॉन जास्त, आणि यंत्र मोजतं ते हेच. एन्झाइम इलेक्ट्रोडला जोडून मोजमाप करायची कल्पना अमेरिकेतल्या लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडली. पण एन्झाइमचा कामाचा भाग प्रथिनाच्या घड्यांमध्ये खोलवर दडलेला असतो, तिथून कार्बनपर्यंत इलेक्ट्रॉनला एकट्याने पोचता येत नाही. १९८४ मध्ये इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्ड आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्याला फेरोसीन या रेणूच्या रूपाने नावाडी दिला. आत जायचं, इलेक्ट्रॉन उचलायचा, काठावर आणून सोडायचा. तीनच वर्षांत पेनाएवढं ग्लुकोमीटर बाजारात आलं.

साखर मोजणं त्या मानाने सोपं, कारण ती रक्तात भरपूर असते. शुगर १०० आली म्हणजे एका मिलिलिटर रक्तात एक मिलिग्रॅम ग्लुकोज. आता हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं ट्रोपोनिन घ्या. त्याच्या एका प्रचलित तपासणीत धोक्याची रेषा मिलिलिटरमागे १४ पिकोग्रॅमवर आहे. म्हणजे साखरेच्या सुमारे सात कोटी पटींनी कमी! हे मोजायला सहसा प्रयोगशाळेतलं मोठं यंत्र लागतं. तालुक्याच्या दवाखान्यात छातीत कळ आलेला माणूस येतो तेव्हा तपासणी जिल्ह्याच्या गावी आणि वेळ हाताशी नाही, असं होतं. या विषयात मला रस आहे तो या माणसापायी.

इथे ग्राफीन आणि कार्बनच्या नॅनोनळ्या पुढे येतात. मागच्या लेखांकात आपण पाहिलं, की ग्राफीन म्हणजे ग्रॅफाइटचा एका अणूच्या जाडीचा पदर. त्यात आतला अणू असा नसतोच. प्रत्येक अणू पृष्ठभागावर. एक ग्रॅम ग्राफीनचं पृष्ठफळ, दोन्ही बाजू धरून, सुमारे २,६३० चौरस मीटर भरतं. आपल्या हिशेबात सव्वीस गुंठे. वीज या पदरातूनच वाहते, त्यामुळे पृष्ठभागावर एखादा विद्युतभारित रेणू येऊन बसला की प्रवाह लगेच बदलतो. ग्राफीनवर एखाद्या प्रथिनाला नेमकं ओळखणारी प्रतिपिंडं चिकटवली, की झाला जैवसंवेदक. चिकटवण्यासाठी पायरीन नावाचा चार कड्यांचा चपटा रेणू वापरतात. तो ग्राफीनच्या जाळीवर अलगद पालथा बसतो आणि जाळीला भोक पडत नाही.

२०२० मध्ये दक्षिण कोरियाच्या संशोधकांनी असाच संवेदक करोना विषाणूसाठी केला. साध्या क्षारद्रावणात त्याने विषाणूचं काटेरी प्रथिन मिलिलिटरमागे एक फेम्टोग्रॅम इतकं कमी असतानाही ओळखलं. नाकातला नमुना ज्या द्रवात ठेवून पाठवतात, त्या द्रवात मात्र शंभर फेम्टोग्रॅम लागले. संवेदक तोच आणि प्रथिनही तेच. नुसता द्रव बदलला तर शंभरपट फरक पडला. या क्षेत्राचं सगळं दुखणं या दोन आकड्यांत आहे.

पहिली अडचण रक्तातल्या मिठाची. कोणत्याही विद्युतभाराभोवती उलट भाराचे आयन गोळा होतात आणि त्याला झाकून टाकतात. रक्ताइतक्या खारट द्रवात एक नॅनोमीटरही अंतर पार व्हायच्या आत त्या भाराचा प्रभाव बहुतेक विरतो. प्रतिपिंड मात्र दहा-एक नॅनोमीटर उंच. म्हणजे पाहुणा दहाव्या मजल्यावर येऊन बसला आणि पहारेकऱ्याला ऐकू येतं ते तळमजल्यापुरतंच! नमुना पातळ करणं हा एक उपाय, पण त्यात वेळ जातो आणि मुळात अत्यल्प असलेला रेणू आणखी विरळ होतो. दुसरा उपाय म्हणजे प्रतिपिंडाऐवजी डीएनएचे आखूड तुकडे वापरणं. मला सर्वांत आवडलेला उपाय इलिनॉय विद्यापीठातल्या रशीद बशीर यांच्या गटाचा. त्यांनी तापवल्यावर आक्रसणाऱ्या प्लास्टिकवर ग्राफीन अंथरलं आणि ते तापवलं. प्लास्टिक आखडलं, ग्राफीनला चुण्या पडल्या. त्या चुण्यांच्या खोबणीत आयनांचं झाकण सैल पडतं आणि आत शिरलेल्या रेणूचा भार ग्राफीनला जाणवतो. २०२० मध्ये त्यांनी मानवी रक्तरसातही (सीरम) डीएनएचे काहीशे रेणू असे पकडून दाखवले.

दुसरी अडचण चिकटण्याची. रक्तद्रवात (प्लाझ्मात) लिटरमागे चाळीस-एक ग्रॅम अल्ब्युमिन हे प्रथिन असतं आणि कार्बनवर ते आनंदाने चढून बसतं. जो पृष्ठभाग सगळ्यांना जवळ करतो, त्याला एकालाच जवळ करायला शिकवावं लागतं. तिसरी अडचण सारखेपणाची. एकपदरी नॅनोनळ्या, म्हणजे ग्राफीनच्या एकाच पदराच्या गुंडाळ्या, तयार होतात तेव्हा साधारण एक तृतीयांश धातूसारख्या वागतात आणि उरलेल्या अर्धवाहक असतात. संवेदकाला हव्या त्या अर्धवाहक नळ्या तेवढ्या निवडणं किचकट. कच्च्या मालाची चणचण मात्र नाही. आयआयटी मुंबईच्या महेश्वर शेरॉन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच कापरापासून फुलरिन हे कार्बनचे पोकळ, चेंडूसारखे रेणू मिळवल्याचं प्रसिद्ध केलं होतं, आणि पुढे कापरापासून नॅनोनळ्याही झाल्या. आरतीच्या तबकावर जमणाऱ्या काजळीकडे मी हे वाचल्यापासून वेगळ्या नजरेने पाहतो.

म्हणून वाचकांना एक विनंती. ‘रक्ताच्या एका थेंबात कर्करोग ओळखणारी चिप’ अशी बातमी वाचाल तेव्हा तीन गोष्टी शोधा. चाचणी क्षारद्रावणात झाली की खऱ्या रक्तावर? किती रुग्णांवर? आणि एका संवेदकाने दिलेलं उत्तर त्याच घाण्यातल्या दुसऱ्या शंभर संवेदकांनीही दिलं का? तिन्हींची उत्तरं बातमीत मिळाली तर ते कात्रण मला जरूर पाठवा. पुढच्या आठवड्यात आपण घामातून साखर मोजण्याच्या प्रयत्नांकडे वळू.