तेरा नंबरचा नकार आणि ७७७ चा उतारा

३३०६ नंबरच्या डेटाबेस पोर्टवरची भांडणं या सदरात या आठवड्यात येणार होती. ती पुढच्या आठवड्यावर गेली, कारण सोलापूरच्या एका पतसंस्थेत सर्व्हर सांभाळणाऱ्या वाचकाचा प्रश्न मध्ये आला आणि तो बाजूला ठेवण्यासारखा नाही.

त्यांच्याकडे रॉकी लिनक्स आहे. मारियाडीबी ही डेटाबेस प्रणाली त्यांनी तिच्या स्वतःच्या भांडारातून घेतली. इन्स्टॉलेशन बिनबोभाट झालं. मग डेटा डिरेक्टरी 'व्हार' मधून उचलून 'होम' खाली नेली, सेटिंगच्या फाइलीत नवा पत्ता लिहिला, आणि सर्व्हिस उठेना. लॉगमध्ये एकच ओळ: एररकोड १३, परमिशन डिनाइड. शेवटी कोणीतरी सुचवलं म्हणून नव्या फोल्डरला ७७७ दिलं आणि हात फिरलाच आहे तर सेटिंगच्या फाइलींनाही दिलं. सर्व्हिस झटक्यात सुरू झाली. फक्त त्यातला एकही टेबल दिसेना.

डेटा होममध्ये नेण्याची बुद्धी का होते, हे आधी समजून घेतलं पाहिजे. मोठ्या डिस्कवर रॉकीला आपोआप विभागणी करू दिली, की रूटला ७० जीबी मिळतात आणि उरलेली सगळी जागा होमच्या पदरात पडते. माणूस जागा बघतो आणि तिकडेच जातो. त्यात त्याचा दोष नाही.

आता ७७७. वाचणं ४, लिहिणं २, चालवणं १, बेरीज सात. मालक, गट आणि बाकीचं जग अशा तिघांनाही सात दिले, की कोणीही काहीही करावं. मात्र मारियाडीबी आणि मायएसक्यूएल या दोघींचा एक पक्का नियम आहे: सेटिंगची फाइल जगातल्या कोणालाही लिहिता येत असेल, तर ती वाचायचीच नाही. लॉगमध्ये 'वर्ल्ड-रायटेबल' असा इशारा देऊन सर्व्हर ती फाइल सोडून देतो. सोलापूरला हेच झालं. नव्या पत्त्याची ओळ सर्व्हरने वाचलीच नाही. तो मुकाट्याने जुन्या, मूळ जागी गेला आणि त्यांचा डेटा नसलेल्या डिरेक्टरीवर उभा राहिला. होमकडे तो फिरकलाच नाही, त्यामुळे तेरा नंबरही गायब. ७७७ लागू पडलं असं वाटलं, प्रत्यक्षात रोग्याने पत्ता बदलला होता. पडताळा सोपा आहे. सर्व्हरमध्ये शिरून 'सिलेक्ट' लिहावं, पुढे दोन ॲट आणि 'डेटाडिर'. जो पत्ता येईल तोच खरा. हे वेळीच पाहिलं नाही, तर महिन्या-दोन महिन्यांत त्या ७० जीबीच्या रूटमध्ये नवा डेटा साचायला लागतो आणि मग २८ नंबर भेटतो: डिस्कवर जागा नाही. (नंबरांचे अर्थ पाठ करायची गरज नाही. 'पीएरर' ही छोटी कमांड सोबतच येते. तिला नंबर द्या, ती अर्थ सांगते.)

पोस्टग्रेस याहून कडक. तिच्या डेटा डिरेक्टरीला ७७७ दिलं, तर ती सुरूच होत नाही. ७०० हवं, किंवा अकराव्या आवृत्तीपासून ७५० चालतं. रूट यूजरने चालवायला गेलात तरी ती साफ नकार देते. या हट्टीपणाबद्दल तिला शंभर गुण.

मग मूळचा तेरा नंबर कोणी दिला? संशयित अनेक असतात, आणि ७७७ त्यातल्या फार थोड्यांना लागू पडतं. पहिला संशय वरच्या फोल्डरांवर. फ्लॅटची किल्ली खिशात असूनही सोसायटीच्या गेटवर वॉचमन अडवतो, तसं वाटेतल्या एकाही फोल्डरने आत जायची परवानगी नाकारली, तर शेवटच्या फोल्डरचं ७७७ फुकट. 'नेमआय' कमांडला 'एल' जोडून पूर्ण पत्ता दिला, की ती पायरीपायरीने कोणाचा हक्क काय ते मांडते.

सोलापूरला मात्र पायऱ्या ठीक होत्या. खरा नकार सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टमडीचा. मारियाडीबीच्या स्वतःच्या पॅकेजमधल्या सर्व्हिस फाइलीत 'प्रोटेक्टहोम' चालू असतं. म्हणजे त्या सर्व्हिसपुरतं होम बंद. फाइलींच्या परवानग्या कितीही उघडा, फरक शून्य.

ते बंद केलं असतं तरी पुढे एसई-लिनक्स बसलेलंच होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २००० च्या डिसेंबरात हे जगाला खुलं केलं. ते प्रत्येक फाइलीवरची चिठ्ठी पाहतं. 'एलएस' ला मोठा 'झेड' जोडला की ती दिसते. होममधल्या फाइलींवर यूजरच्या फाइलींची चिठ्ठी असते, डेटाबेसला हवी वेगळी. 'सीपी' ने नक्कल केली तर नव्या जागेची चिठ्ठी लागते, 'एमव्ही' ने हलवलं तर जुनी सोबत जाते. म्हणून 'एमव्ही' वाल्याचं काम आज चालतं आणि कोणी चिठ्ठ्या नियमाप्रमाणे परत लावणारं 'रिस्टोरकॉन' चालवलं त्या दिवशी अचानक थांबतं. संशय तपासायचा तर 'सेटएनफोर्स ०' देऊन एकदा सर्व्हिस सुरू करून पाहावी आणि लगेच परत १ करावं. एसई-लिनक्स कायमचं बंद करणं हा ७७७ चाच थोरला भाऊ. उबुंटूवर ही पहाऱ्याची जागा ॲपआर्मरकडे असते.

सोलापूरकरांना सल्ला असा: सर्व्हिस थांबवा. होम सोडा. त्या जागेतून वेगळं व्हॉल्यूम काढून 'एसआरव्ही' खाली जोडा. होमची फाइल सिस्टीम एक्सएफएस असेल तर ती लहान करता येत नाही, मोडून नव्याने करावी लागते, म्हणून आधी बॅकअप. डेटा तिथे न्या, मालक मायएसक्यूएल यूजर, हक्क ७००, सेटिंगच्या फाइलींना ६४४ आणि त्यांत नवा पत्ता. मग 'सेमॅनेज' ने चिठ्ठी ठरवून 'रिस्टोरकॉन'. मधल्या काळात जुन्या जागी काही नोंदी झाल्या असतील, तर त्या सर्व्हिस थांबवण्याआधीच डम्प करून ठेवा.

आणि एक विनंती सर्वांनाच. प्रश्न पाठवताना पडद्याचा फोटो नको. एरर लॉगच्या शेवटच्या वीसेक ओळी पाठवा, पासवर्ड खोडून.