कमावलेले शरीर किती दिवस पुरते?

"डॉक्टर, भरती झाल्यावर व्यायाम सोडला तर काय बिघडते?" वडनेर भोलजीच्या एका तरुणाने मला दवाखान्यात विचारले. पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी तो रोज पहाटे महामार्गाच्या कडेने धावत असे. हा प्रश्न पुष्कळांचा असल्याने हॉलंडच्या याप एडन या खेळाडूची हकीकत येथे देतो.

एडनचा जन्म १८७३ चा. बर्फावरच्या स्केटिंगमध्ये तो १८९३, १८९५ व १८९६ असा तीनदा जगज्जेता झाला. १८९४ साली पाच हजार मीटरचे अंतर त्याने ८ मिनिटे ३७.६ सेकंदांत कापले. तो विक्रम १९११ पर्यंत टिकला. सायकलवर त्याने १८९४ मध्ये दहा किलोमीटरचे, तर १८९५ मध्ये स्प्रिंटचे, म्हणजे कमी पल्ल्याच्या वेगवान शर्यतीचे, जागतिक अजिंक्यपद हौशी गटात मिळविले.

स्प्रिंटमधला अखेरचा जोर काही सेकंदांचाच असतो. त्यासाठी लागणारी शक्ती मुख्यतः स्नायूंत आधीच साठलेली असते. लांब पल्ल्याला मात्र हृदय व फुप्फुसांची ताकद लागते. एडनजवळ दोन्ही होते.

पुढे तो व्यावसायिक खेळाडू झाला. पण राहणी बेशिस्त झाली, दारू जडली, पैसा टिकला नाही. १९२५ साली अवघ्या ५१ व्या वर्षी तो हलाखीत वारला. दारूनेच तो गेला असे मी म्हणत नाही. परंतु तरुणपणीचे पराक्रम उतारवयात कामी आले नाहीत, हे खरे.

याचे कारण साधे आहे. व्यायाम थांबला की दोन ते चार आठवड्यांत दम कमी होऊ लागतो. खाणे मात्र पूर्वीइतकेच राहते आणि पोटावर चरबी चढते. एक ग्रॅम मद्यार्कातून सात कॅलरी मिळतात, पोषण काहीच नाही. शिवाय यकृताला इजा होते व रक्तदाब वाढतो.

तेव्हा तरुण मित्रांनो, नोकरी लागली तरी आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चाला किंवा सायकल चालवा. दोन दिवस जोर-बैठका काढा. धावणे कमी झाले की ताटातली पोळीही कमी करा. दारूपासून दूर राहा. व्यायाम करताना छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.